शेवटच्या नऊ घरांचं पाणी

चेत-बुलाक, ११ ऑक्टोबर

तुर्गुनबाय आका, सलाम.

परवा सोनून एजेनं मला विचारलं, "कानिशाय, तू नक्की काम काय करतेस?" मी दिलं ते उत्तर मलाच पटलं नाही. अजूनही पटत नाही.

आम्ही तिच्या ओट्यावर जर्दाळूच्या बिया फोडत बसलो होतो. मला कुणी बोलावलं नव्हतं, मीच जाऊन बसले होते. ती दगड न थांबवता म्हणाली, "तू गात नाहीस. चित्रं काढत नाहीस. झाडं लावायला आले होते ते वेगळे, भाषणं करून गेले ते वेगळे. मग तू कोण?"

"मी त्या सगळ्यांना एकत्र आणते, एजे. कलाकार, गाव, पाणी, झाडं. एकमेकांशी बोलते करते."

"म्हणजे सोयरीक जुळवणारी." मग बाकीच्या बायकांकडे बघून, "आणि हिचं स्वतःचंच राहिलंय."

सगळ्या हसल्या. मला ते हसणं बरं वाटलं, कारण जुलैनंतर ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती. हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, "सोयरीक जुळवणारीला दोन्ही घरं वर्षभर जबाबदार धरतात. पोरगी रडत परत आली की आधी तिच्या दारात जातात. तुझ्या दारात कोण आलं?"

मी बिया फोडत राहिले. अंगठ्यावर दगड बसला, तेवढं निमित्त पुरलं, घरी आले.

तुम्ही गाव सोडून गेल्याला आज बारा दिवस झाले. पाण्याची एक पूर्ण फेरी. तुमच्या जागी तुमचा पुतण्या तात्पुरता मुराब म्हणून पाटावर फिरतोय, पाण्याच्या पाळ्या लावतोय. तो घड्याळ बघून पाळी बदलतो. तुम्ही मशिदीच्या भिंतीची सावली बघायचात आणि कधी कुणाशी भांडण झालं नाही. त्याच्याकडे मिनिटं आहेत आणि रोज भांडण आहे. काल दोन भाऊ दोन मिनिटांवरून खोरं घेऊन उभे राहिले. ओसोर आका म्हणाले, "सावलीशी कुणाला हुज्जत घालता येत नव्हती, हेच बरं होतं."

सभेबद्दल आज लिहीत नाही. तुमच्यावर जे आलं ते यायला नको होतं, एवढंच म्हणते.

हे पत्र बाजारच्या टॅक्सीवाल्याच्या हाती देते आहे. तो म्हणाला, किझिल-कियात तुमच्या मुलीचं घर त्याला माहीत आहे. तुम्ही फोन घेत नाही, ते मला समजतं.

तुमची,
कानिशाय

*

चेत-बुलाक, ३ नोव्हेंबर

आका,

जुलैच्या कार्यक्रमाचा अहवाल संस्थेला पाठवायचा आहे. संस्था चालवणाऱ्या बेर्मेत एजेचे बिश्केकहून तीन निरोप आले. कागदावर रकाने आहेत: किती कलाकार, किती गावकरी, निसर्गासाठी काय झालं, समाजात काय बदललं. मी एका वाक्याशी तीन दिवस बसले आहे. "गावकऱ्यांनी पाटाच्या पूर्ण लांबीवर स्वेच्छेने पाणी उपलब्ध करून दिले." वाक्यात व्याकरणाची चूक नाही.

त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला सगळं ठाऊक आहे. तरी मी क्रमानं लिहिते, कारण अहवालात मी क्रम बदलला आहे.

चिल्देचे दिवस होते. वर्षातल्या चाळीस जळत्या दिवसांमधला विसावा दिवस. कल्पना माझीच होती. प्रत्येक घरानं आपापल्या नक्षीचा लोकरीचा नमदा करायचा, वेताच्या कड्यावर ताणायचा, आणि पाटाच्या मुखापासून शेवटापर्यंत एकेचाळीस नमदे पाण्यावरून सोडायचे. पाणी सगळ्यांच्या दारावरून जातं, सगळ्यांना बांधतं, हे डोळ्यांना दिसावं. विद्यापीठात असताना मी हे वहीत लिहून ठेवलं होतं. चार वर्षं ती वही जपली.

नमदे वाहायला पाट काठोकाठ हवा. काठोकाठ भरायचा तर शेतांकडे पाणी वळवणारी दारं सगळी बंद हवीत. आणि पाहुणे नेमके त्या तारखेला येऊ शकत होते, जेव्हा फेरीचा बारावा दिवस होता. शेवटच्या नऊ घरांचा, उजाडल्यापासून सूर्य टेकेपर्यंत.

तुम्ही तीनदा नाही म्हणालात. एकदा तुमच्या अंगणात. "शेवटच्यांच्या दिवशी नाही, पोरी. मुखाकडच्यांचा दिवस घे. त्यांचं एक पाणी चुकलं तर पानं सुकतील. खालच्यांचं चुकलं तर मुळं." दुसऱ्यांदा पाटावर. तिसऱ्यांदा त्याच सकाळी, पाहुण्यांच्या गाड्या पुलापाशी आल्या होत्या तेव्हा.

मी म्हटलं, "आका, फक्त दुपारपर्यंत. मग संध्याकाळपर्यंत त्यांचंच आहे."

तुम्ही म्हणालात, "पाण्याला दुपार कळत नाही, तुझ्या पाहुण्यांना तरी कळते का?"

इथवर सगळं खरं लिहिलं. आता पुढचं. मग पाणी सोडलं गेलं. नमदे तिसऱ्या वळणापर्यंत गेले, लोकर पाणी प्यायली आणि ते बुडायला लागले. ओसोर आकांनी खोऱ्यानं आपल्या घरचा नमदा बाहेर काढला आणि म्हणाले, "माझी म्हातारी पण अशीच आहे, पाण्यात शिरली की बाहेर येत नाही." सगळे हसले. पाहुण्यांबरोबर चित्रण करायला आलेली कलाकार मुलगी म्हणाली, हरकत नाही, पुन्हा सोडू. पुन्हा सोडले. मग उजेड बरोबर नव्हता. मग बरोबर झाला. पाटाच्या शेवटी पाणी घळीत कोसळत होतं आणि त्याचं चित्रण फार सुंदर झालं. त्या नऊ घरांची माणसं आपापल्या बंद दारापाशी उभी होती. हातात नान आणि कायमाकच्या, दाट सायीच्या, वाट्या होत्या, पाहुण्यांसाठी. त्यांचं पाणी त्यांच्या पायाशेजारून जात होतं आणि एकानंही दार उघडलं नाही. पाहुण्यांसमोर कोण उघडणार?

चित्रण संपलं तेव्हा सूर्य टेकला होता. सूर्य टेकला की पाळी बदलते. नवी फेरी मुखापासून सुरू झाली.

त्या नऊ घरांना पाणी नाही, असे आधीचे बारा दिवस आणि हे पुढचे बारा. चोवीस दिवस, चिल्देत. त्या नऊ घरांतल्या सोनून एजेनं झऱ्यावरून गाढवाच्या पाठीवर दुधाचे कॅन भरून आणले. पहिल्या ओळीला पुरलं. तिची जर्दाळूची दोनशे बारा कलमं होती. दोन वर्षांपूर्वी डोंगरावरून चिखलाचा लोंढा आला आणि त्या जातीचं एकुलतं म्हातारं झाड गेलं, त्याच्या आदल्या हिवाळ्यात तिनं त्याच्या फांद्या काढून ठेवल्या होत्या म्हणून ती जात उरली होती. सप्टेंबरात पहिली ओळही गेली. त्या जातीचं झाड आता कुठेच नाही, आका. मी बाटकेनच्या बागांत विचारून आले.

अहवालात त्या रकान्यात मी लिहिलं: "दुष्काळामुळे काही रोपांचे नुकसान."

कानिशाय

*

बिश्केक, ९ डिसेंबर

आका,

इथे बर्फ आहे आणि खोल्या इतक्या गरम की खिडकी उघडून झोपावं लागतं.

मोठी परिषद होती. कला, पर्यावरण आणि समाज यांना जोडणाऱ्यांची. माझ्यासारखे पंचेचाळीस जण. अल्माटीचे, दुशान्बेचे, ताश्कंदचे. सगळे चांगले आहेत, हे मी मनापासून लिहिते. एकानं मेलेल्या तलावाच्या काठी मुलांकडून गाणी करून घेतली. एकीनं कचऱ्याच्या ढिगावर नाटक केलं. रात्री जेवताना आम्ही एकमेकांना विचारत होतो, नंतर काय झालं? आणि सगळेच जण सुरुवातीचं सांगत होते.

माझी पाळी आली तेव्हा मी कागद बाजूला ठेवला. घळीत कोसळणाऱ्या पाण्याचं चित्र माझ्यामागे पडद्यावर होतं. मी खरं सांगितलं. तुम्ही तीनदा नाही म्हणाला होतात, आणि चौथ्यांदा मी तुम्हाला विचारलंच नाही. पाहुणे गालिच्यावर बसले, चहा आला, आणि मी माइक हातात घेऊन म्हटलं, "आमच्या मुराब तुर्गुनबाय आकांनी आज पाण्याला वाट दिली आहे, संध्याकाळपर्यंत." सगळे तुमच्याकडे वळले, टाळ्या वाजल्या. परक्या माणसांसमोर, गावाच्या पोरीला, पहिल्या शिकलेल्या पोरीला, तुम्ही खोटं कसं पाडणार होतात? तुम्ही छातीवर हात ठेवून मान झुकवलीत. आणि पाट उघडायला गेलात.

दुपारी तुम्ही एकदा माझ्याजवळ आला होतात. म्हणालात, "बास का?" मी म्हटलं, "अजून थोडं."

मग सप्टेंबरच्या सभेचंही सांगितलं. ओसोर आकांनी विचारलं, शेवटच्यांचं पाणी कुणी दिलं? तुम्ही उठून म्हणालात, "मी दिलं. मुराब मी होतो." एकदा माझ्याकडे बघितलंत. मी चहाच्या पियाल्यात बघत होते. पियाला रिकामा होता.

परिषदेत हे सगळं बोलून मी खाली बसले. मला वाटलं, आता कुणीतरी उठून म्हणेल, तू हे काम सोड. ते सगळे उठले, आका. उभे राहून टाळ्या वाजवल्या. एक बाई रडत माझ्या गळ्यात पडली. बेर्मेत एजे म्हणाली, "इतकं प्रामाणिक कुणी बोलतच नाही गं. आपण हे शिकवायला वापरू." आणि मग कोट चढवता चढवता, "जुलैत पुन्हा करायचं, ठरलंय. या वेळी दोन दिवस. तुझ्या गावचे लोक किती प्रेमळ आहेत."

मी स्वच्छतागृहात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिले. मग ते लक्षात आलं आणि बंद केला.

खरं सांगितलं की हलकं वाटतं म्हणतात. मला तर वाटलं, मी तुम्हाला दुसऱ्यांदा पाहुण्यांसमोर उभं केलं.

कानिशाय

*

चेत-बुलाक, २० जानेवारी

आका,

तुमची मुलगी बाजारात भेटली. माझा हात धरून बाजूला नेलं. म्हणाली, "तुझी पत्रं येतात. मी वाचून दाखवू का म्हटलं, तर म्हणतात, राहू दे, पोरीनं मन मोकळं केलंय, आपण कशाला ऐकायचं?"

म्हणजे तुम्ही हे वाचणार नाही. मग लिहायला सोपं आहे. बिश्केकला जे सांगितलं नाही ते लिहिते.

त्या संध्याकाळी सूर्य टेकल्यावर पाळी बदलली ती आमच्या घरी आली. मुखाचं पहिलं घर आमचं. गाड्या गेल्या होत्या, मी नमदे वाळत घालत होते. तुम्ही कुंपणापाशी आलात आणि माझ्या वडिलांना म्हणालात, "पहाटेपर्यंत थांब. खालच्यांना एक रात्र देऊ."

वडील म्हणाले, "नेम नेमच असतो ना, आका? तुम्हीच शिकवलात. आज माझी सोडली तर उद्या शेजारी म्हणेल माझी का नाही."

तुम्ही म्हणालात, "आज दिवसभर नेम कुठे होता?"

"ते तुम्हीच सांगा. पाणी तुम्ही दिलंत. सगळ्यांनी ऐकलं."

मी वाळवणाच्या तारेच्या या बाजूला होते. चार पावलं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: बाबा, त्यांनी नाही दिलं. वडिलांनी रात्रभर मक्याला पाणी धरलं. मी दमले होते, लवकर झोपले आणि छान झोप लागली. ती झोप मला आठवते, बाकी कशापेक्षा जास्त.

आमचा मका यंदा चांगला झाला. आई त्याची भाकरी करते. मी खाते.

मी शिकायला निघाले तेव्हा गावच्या वतीनं दुवा तुम्ही दिली होती. हात उघडून म्हणाला होतात, "जिथे जाशील तिथे तुझ्यामुळे कुणाची तहान भागू दे." त्यावर सगळ्यांनी आमीन म्हटलं, वडिलांनी मेंढी कापली. मी अडवलं नसतं तरी ती रोपं वाळली असती का, एका रात्रीचं पाणी त्यांना पुरलं असतं का, हे मी माहितगारांना विचारलं. म्हणाले, पुरलं असतं.

कानिशाय

*

चेत-बुलाक, २४ मार्च

आका,

काल पाट साफ केला. नेहमीसारखा, पहिलं पाणी सुटायच्या आधी, प्रत्येक घरातून एक माणूस, एक खोरं. आमच्या घरातून वडील होते. मीही गेले. मुराब निवडतात ती वेळ मला हवी होती.

मुखाशी सगळे टेकले होते. कढईत पलाव होता, बायका पियाले भरत होत्या. ओसोर आका म्हणाले, "चला, यंदा पाट कुणाच्या हाती द्यायचा?" कुणी बोलायच्या आत मी उभी राहिले. माइक नव्हता. आवाज मागच्यांपर्यंत जात नव्हता म्हणून दगडावर चढले आणि तिथून तर आणखीच कमी आवाज निघाला.

मी सगळं सांगितलं. तुम्ही तीनदा नाही म्हणालात ते. मी न विचारता जाहीर केलं ते. सभेत गप्प बसले ते. मग कुंपणापाशी काय झालं तेही सांगितलं, वडिलांसमोर, त्यांच्या शब्दांत.

 कढईखालचं लाकूड तडतडत होतं.

मग ओसोर आका म्हणाले, "बस पोरी, पाय दुखतील." आणि थोड्या वेळानं, "आम्हाला ठाऊक होतं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"माइक आम्हीही ऐकला. तुर्गुनबायचं तोंडही बघितलं. आंधळे नाही आम्ही. शेवटच्यांच्या दिवशी पाणी देईल असा तो माणूस आहे का?"

"मग सभेत का नाही बोललात?"

"तो म्हणाला, मी दिलं. पांढऱ्या दाढीच्या माणसाला सगळ्यांदेखत खोटं पाडायचं? त्यानं ते ओझं आपणहून उचललं. ते खाली ओढणारे आम्ही कोण?"

मी सोनून एजेकडे बघितलं. तिची ती रोपं. ती पियाल्यात चहा ओतत होती, ओतून झाल्यावर म्हणाली, "मला पण माहीत होतं. त्या दिवशी मी दारापाशीच उभी होते, माती पायानं सरकवली असती तरी पाणी आत आलं असतं. पण तुझे पाहुणे बघत होते." मग म्हणाली, "तू का आता सांगितलंस? कुणाला बरं वाटावं म्हणून?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी धरून ठेवला असता.

वडील उठले, खोरं खांद्यावर टाकलं आणि घराकडे गेले. त्यांच्या वाट्याचा तुकडा साफ व्हायचा राहिला होता. तो मी केला. कुणी मदतीला आलं नाही, कुणी अडवलंही नाही. आज सकाळी न्याहारीला त्यांनी माझ्याकडे न बघता आईला विचारलं, "हिचं समाधान झालं का, विचार."

तुम्हाला परत बोलवायचं मी म्हटलं होतं. ओसोर आका म्हणाले, "तो आता येणार नाही. आला तर आपल्याला त्याच्याकडे बघावं लागेल." मुराब तुमचा पुतण्या झाला. घड्याळासकट.

आणि आता खरं वाईट सांगते. पलाव खाता खाता एकानं विचारलं, "यंदा पण येणार आहेत म्हणे पाहुणे? दोन दिवस?" मी म्हटलं, त्यांनी विचारलंय, पण तुम्ही नाही म्हणू शकता. त्यांनाच सांगा. त्यांच्या तारखा फेरीच्या अकराव्या-बाराव्या दिवशी येतात, मी मोजलंय. शेवटच्या घरांतला एक जण बोटं चाटत म्हणाला, "नाही कसं म्हणणार? पाहुणा दारात आल्यावर?" दुसरा म्हणाला, "ते अजून दारात कुठे आलेत?" "येतील म्हणालेत ना, म्हणजे आलेच." मग मेंढी कुणाच्या घरची कापायची यावर बोलणं गेलं. सोनून एजेनं यंदा जंगली जर्दाळूवर दुसऱ्याच कुठल्या जातीची साठ कलमं केली आहेत. ती म्हणाली, "माझी मेंढी घ्या, लठ्ठ आहे."

मी इतकी वर्षं शिकले की माणसांना आपलं म्हणणं मांडायला जागा द्यायची, त्यांच्या वतीनं कधी बोलायचं नाही. हे आमच्या कामाचं पहिलं वाक्य आहे. मी रात्रभर ते वाक्य घेऊन जागी होते. त्यांना जागा दिली होती. दगडावर चढून दिली होती.

आज सकाळी मी बेर्मेत एजेला पत्र लिहिलं. गावाच्या नावानं. चेत-बुलाकच्या पाटावरच्या एकेचाळीस घरांनी सभा घेऊन ठरवलं आहे, की यंदा किंवा यापुढे कुठल्याही कार्यक्रमासाठी पाटाचं पाणी देता येणार नाही. संस्थेनं कृपया येऊ नये. अशी सभा झाली नाही. कुणी असं ठरवलं नाही. खाली गावातर्फे म्हणून मी माझी सही केली आणि मी हे काम सोडते आहे, माझ्या जागी दुसरी मुलगी पाठवू नये असंही लिहिलं.

ते पत्र दुपारच्या टॅक्सीनं गेलं.

कानिशाय